पांढऱ्या बाईचं माहेर

मुलाकडे प्रागला दोन महिने राहून परत आलो तेव्हा पहिला आठवडाभर रायपूरच्या आमच्या पुरानी बस्तीत मला बऱ्यापैकी भाव होता. त्यानंतर लोक मला लांबून पाहून स्कूटर दुसऱ्या गल्लीत वळवायला लागले. दोष त्यांचा नाही. वीज खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाजवळ वेळ फार असतो, आणि तो परदेशात जाऊन आला की सांगायलाही फार असतं. कुणी सदर बाजारातल्या गर्दीचा विषय काढला की मी दोन वाक्यांत प्रागच्या जुन्या पुलावर पोचायचो. बायको म्हणायची, अहो, कोथिंबीर आणायला निघालात, व्याख्यानाला नाही.

मुलगा ज्या घरात भाड्याने राहतो त्याची मालकीण एक म्हातारी बाई आहे. आयुष्यभर किल्ले आणि राजवाडे लोकांना दाखवत फिरायचं हीच तिची नोकरी होती. माझं इंग्रजी मोडकं, तिचं त्याहून मोडकं, त्यामुळे आमचं छान जमलं. मुलगा कामावर गेला की ती मला बसने कुठेकुठे घेऊन जायची. तिची एक शिस्त होती. प्रत्येक जागी आधी गोष्ट सांगायची, मग जरा थांबायची, बोट वर करायची आणि म्हणायची, आता खरं. मग खरं काय घडलं होतं ते सांगायची. ही पद्धत मी तिच्याकडून जशीच्या तशी उचलली.

इथे ऐकणारं एकच माणूस उरलं होतं, आत्या. वडिलांची धाकटी बहीण. माझ्या कॉलेजच्या दिवसांपासून ती आमच्याकडेच राहते. तिचा नवरा राजनांदगावला होता, पण त्याचं नाव आमच्या घरात निघत नसे. आत्या एक दिवस एकटीच गाडीत बसून रायपूरला आली, माझ्या आईनं दार उघडलं, आणि तेव्हापासून ती इथेच आहे. आई गेल्यावर घर तिनंच धरून ठेवलं. याहून जास्त आम्हां मुलांना कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

थंडीचे दिवस होते. आत्या मागच्या अंगणात उन्हाला बसून कोहळा किसायची, उडदाच्या डाळीत कालवून त्याच्या वड्या घालायची, ज्यांना इथे रखिया बडी म्हणतात. मी शेजारी खुर्ची टाकून प्राग सुरू करायचो. वडील पलीकडे पेपर तोंडासमोर धरून बसत. ऐकत नाही असं दाखवायचे, पण पान उलटायचे विसरायचे.

पहिली गोष्ट मी तिला राजकन्येची सांगितली. ही राजकन्या न्यायनिवाडे करायची. एकदा खटला हरलेल्या माणसाने भर सभेत म्हटलं की बाईच्या हाताखाली राहणाऱ्या पुरुषांना लाज वाटायला पाहिजे. तेव्हा तिनं आपला घोडा मोकळा सोडला आणि सरदारांना सांगितलं, याच्या मागे जा, याला जो माणूस नांगरताना दिसेल तो माझा नवरा आणि तुमचा राजा. सरदारांनी त्या नांगऱ्याला अर्ध्या शेतातून उठवलं. तो म्हणाला, एवढं शेत पुरं होऊ दिलं असतं तर या देशाला कधी उपास पडला नसता. जाताना त्याने आपले झाडाच्या सालीचे जोडे बरोबर घेतले, आणि ते पुढे राजवाड्यात जपून ठेवले, नातवंडा-पतवंडांना आपण कुठून आलो ते कळावं म्हणून. मग मी बोट वर केलं आणि खरं सांगितलं. ते शेत आजही दाखवतात, त्या घराण्याने तिथे खूप वर्षं राज्यही केलं, पण ती राजकन्या आणि तो नांगऱ्या होऊन गेले याचा पुरावा कुणाकडेच नाही. आत्याला पुराव्याचं काही नव्हतं. ती म्हणाली, हातातलं नांगराचं तास तरी पुरं करू द्यायचं होतं बिचाऱ्याले.

मग प्रागच्या चौकातल्या घड्याळाची. गोष्ट अशी की ज्या कारागिराने ते घडवलं त्याचे डोळे गावच्या मुखियांनी फोडले, कारण त्यानं दुसऱ्या गावाला असं घड्याळ करून देऊ नये. खरं असं की कुणाचे डोळे कुणी फोडले नव्हते, आणि ज्याचं नाव लोक शेकडो वर्षं घेत होते त्यानं ते घड्याळ केलंच नव्हतं, भलत्यानंच केलं होतं. आत्या हसून म्हणाली, म्हणजे ज्यानं केलं त्याचं नाव गेलं, अन् ज्यानं नाही केलं त्याचे डोळे गेले.

ब्लानिक नावाच्या डोंगराच्या पोटात झोपलेल्या घोडेस्वारांची गोष्ट मात्र तिला पटली नाही. देशावर सगळ्यात वाईट वेळ आली की ते जागे होऊन मदतीला धावणार आहेत. मी म्हटलं, खरं बघायला गेलं तर तो साधा डोंगर आहे, वर जुन्या तटबंदीचे दगड आहेत. तिनं किसणी खाली ठेवली. इतक्या वर्षांत तिथे काय वाईट झालंच नाही का, तिनं विचारलं. मी म्हटलं, फार झालं, लढाया झाल्या, परक्यांची राज्यं झाली. मग अजून किती वाईट व्हायची वाट पाहून राहिले, असं म्हणून तिनं पुन्हा किसायला घेतलं. वडिलांनी तेवढ्यात पेपर उलटला.

त्याच आठवड्यात राजनांदगावहून आत्याच्या नवऱ्याचा पुतण्या आला. पन्नाशीचा माणूस, दारातच चपला काढून उभा राहिला, आत यायला संकोचत होता. त्यानं हिंदीतच सगळं सांगितलं. काकांना दवाखान्यातून घरी पाठवलं आहे. आता काही उपाय नाही. अन्न बंद झालं आहे, पण जीव जात नाही. अधूनमधून शुद्धीवर येतात आणि एकच गोष्ट म्हणतात, तिला बोलवा, तिनं एकदा माफ केलं म्हणावं. "बस, एक बार आ जातीं, काकी," असं म्हणून तो रडायला लागला. आत्यानं त्याला पाणी दिलं, चहा दिला, त्याच्या मुलांची चौकशी केली. येते किंवा नाही येत यातलं काहीच म्हणाली नाही. तो गेल्यावर कप विसळून ठेवला आणि पुन्हा अंगणात गेली.

त्यानंतर घरात एकच विषय झाला. वडील सारखे तिच्या मागे लागले. मरणाऱ्या माणसाचं मागणं मोडू नये, जीव अडकून पडला आहे, तुझ्या दोन शब्दांनी सुटणार असेल तर तुझं काय जाते. ती नुसती ऐकायची. ऐंशी उलटलेल्या वडिलांनी कुठल्याच गोष्टीचा एवढा ध्यास घेतलेला मी पाहिला नव्हता. मेहुण्यावर त्यांचं काही प्रेम होतं असं नव्हे. मला तेव्हा वाटलं, वय झालं की मरणाऱ्याची दया येत असेल. आता वाटतं, आत्यानं एकदा माफ केलं की तो सगळाच विषय मिटेल, अशी त्यांना आशा होती. त्या विषयात त्यांचाही वाटा होता, पण हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

एका सकाळी त्यांनी मला बाजूला घेतलं. "तुझी ते भुताची बाई आहे ना, नवऱ्याले माफ नाही केलं ते," ते म्हणाले, "ते गोष्ट सांग तिले. माझं ऐकत नाही, तुझं ऐकते."

ही गोष्ट मी आल्या आल्या त्यांना एकट्याला सांगितली होती. आत्याला सांगायची राहिली होती. आणि मला गोष्ट सांग म्हणणं म्हणजे आंधळा मागतो एक डोळा, तसलाच प्रकार. मी लगेच तयार झालो. आपण एका चांगल्या कामाला मदत करतो आहोत असंही वाटलं.

दुपारी अंगणात बसलो. वडील खुर्ची नेहमीपेक्षा जवळ ओढून बसले, पेपर न घेताच. मी सुरू केलं. क्रुमलोव नावाचं गाव आहे, नदी त्याला वेढा घालून जाते, वर प्रचंड किल्ला, खंदकात अजूनही अस्वलं पाळलेली आहेत. तिथे पाच पाकळ्यांच्या गुलाबाचं निशाण असलेलं एक बडं घराणं होतं. त्या घरची मुलगी दूर पूर्वेकडच्या एका सरदाराला दिली. नवरा दुष्ट निघाला. तिनं खूप सोसलं. पुढे तो मरायला टेकला तेव्हा त्यानं तिला बोलावून माफी मागितली. ती नाही म्हणाली. त्यानं मरता मरता शाप दिला की तुला कधी शांती मिळणार नाही. तेव्हापासून ती पांढरे कपडे घालून त्या घराण्याच्या किल्ल्यांतून फिरते. हातमोजे पांढरे असले तर घरात काही चांगलं होणार, काळे असले तर कुणी जाणार. पाचशे वर्षं होऊन गेली, तिची सुटका नाही. किल्ल्यात तिचं चित्र आहे, ते मी डोळ्यांनी पाहिलं, असं मी जरा आवाज खाली आणून सांगितलं आणि थांबलो.

आत्या कोहळ्यातल्या बिया काढत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि वाट पाहत राहिली. मग म्हणाली, "अन् खरं?"

मी म्हटलं, या गोष्टीत खरं असं विशेष काही नाही.

"प्रत्येक गोष्टीत असते. यातच काहून नाही?"

खोटं बोलायला मला जमत नाही असं नाही, पण आत्यासमोर जमत नाही. मी वडिलांकडे पाहिलं. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं, कारण त्यांनाही मी भुताचा भागच रंगवून सांगितला होता. ते उलट मान हलवून सांग म्हणाले, खरं ऐकून ती आणखी घाबरेल असं त्यांना वाटलं असावं.

मग मी सांगितलं. ती बाई खरोखर होऊन गेली. नवऱ्याच्या घरी सासूचा आणि नणंदेचा कारभार होता, हिच्या हातात काही नव्हतं, नवरा हिच्याशी धड बोलतही नसे. घरोघरी मातीच्या चुली, आत्या मध्येच म्हणाली. त्या बाईला लिहिता येत होतं, त्यामुळे तिनं माहेरी पत्रं लिहिली. आधी बापाला, मग भावांना. ती पत्रं अजून दप्तरखान्यात ठेवलेली आहेत, अभ्यासक ती वाचतात. मला इथून न्या, हेच तिचं पुन्हा पुन्हा मागणं होतं. माहेर श्रीमंत होतं, त्यांच्याजवळ घोडे होते, माणसं होती. पण वर्षानुवर्षं तिला सासरीच राहावं लागलं, आणि काही तडजोड झाली ती फार उशिरा. नवऱ्याला तिनं माफ केलं की नाही हे मात्र कुठेच लिहिलेलं नाही. ते आणि भूत मागून लोकांनी जोडलं.

आत्यानं हातातली बी ताटात टाकली.

"शाप बाईलेच लागला," आत्या म्हणाली. "बापाले अन् भावाले कोणी नाही दिला? ते नाही फिरत त्या किल्ल्यात?"

मी म्हटलं, नाही, त्यांच्याबद्दल अशी काही गोष्ट नाही.

तिनं बियांचं ताट बाजूला सरकवलं. मग ती वडिलांकडे वळली, आणि जे बोलली ते अगदी सावकाश, रोजच्या आवाजात बोलली. इथलं ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी सांगतो. छत्तीसगडात पोळा झाला की भाऊ बहिणींना आणायला निघतात. तिजासाठी लग्न झालेली प्रत्येक मुलगी माहेरी येते, म्हातारी असली तरी येते, आणि न्यायला बापानं नाहीतर भावानं जायचं असतं. त्या दिवसांत बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते. तिजा म्हणजे आपली हरतालिकाच, पण आम्हां मराठी लोकांत ती सासरीच करतात. आम्ही इथे कित्येक पिढ्या राहिलो, भाजी इथली खाल्ली, बोलणं निम्मं इथलं झालं, पण सणावाराला आपण वेगळे हे सांगायला विसरलो नाही.

"राजनांदगावले आमच्या पाऱ्यात, मोहल्ल्यात, सगळ्यांचे भाऊ येत होते," आत्या म्हणाली. "कोणाचा सायकलवर, कोणाचा बैलगाडी घेऊन. पारा रिकामा होऊन जाये. मी एकटीच मागे राहत होती."

"आपल्यात हरतालिका सासरीच करतात, बाई," वडील म्हणाले.

"मले माहीत आहे, दादा. तरी दरवर्षी पोळा झाला की मी पिशवी भरून ठेवत होती."

वडिलांनी खुर्चीच्या हातावर हात फिरवला. ते म्हणाले की मी भाऊबीजेला येत होतो, एकदाही चुकलो नाही. हे खरं होतं. सकाळच्या गाडीनं जायचे, ओवाळून घ्यायचे, ताटात साडी ठेवायचे, जेवून संध्याकाळपर्यंत परत यायचे. आई कौतुकानं सांगायची की बहिणीचं करण्यात यांचा हात कुणी धरणार नाही. आत्यानं तेही मान्य केलं. फक्त म्हणाली की तू सासूच्या समोर विचारत होतास, बरी आहेस ना, अन् मी बरी आहे म्हणत होती. दोनदा तिनं शेजाऱ्यांकरवी वडिलांच्या रेल्वे ऑफिसात निरोपही पाठवला होता की मला चार दिवस घेऊन जा. दोन्ही वेळा उत्तर आलं की थोडं सांभाळून घे. शेवटी ती एकटीच आली. न्यायला कुणी न येता माहेरी आलेली बाई म्हणजे टाकलेली बाई, हे तिला दारात पाय ठेवतानाच ठाऊक होतं, आणि पुढे गल्लीनंही तिला ते विसरू दिलं नाही.

वडील उठून आत गेले. मला स्वतःचा राग आला. उचलली जीभ लावली टाळ्याला, हा माझा जन्माचा दोष आहे. पण त्याहून जास्त वाईट वाटलं ते याचं, की इतकी वर्षं ही बाई आम्हाला गरम पोळ्या वाढत होती आणि आमच्यापैकी एकालाही कधी विचारावंसं वाटलं नाही की तू कशी आलीस.

दुसऱ्या दिवशी आत्या स्वतःच म्हणाली की मी जाते. पण तिची एक अट होती. पोचवायला कुणीही चालेल, न्यायला मात्र दादानं यायचं. मी तिला गाडीनं राजनांदगावला सोडलं, तिला आत नेताना पुतण्याच्या बायकोनं तिच्या पायांवर पाणी घातलं, आणि मी परत आलो. तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला की रात्रीतून सगळं संपलं. त्यांचं सगळं होईपर्यंत ती तिथे राहिली. मग आम्ही न्यायला गेलो.

वडिलांना गुडघ्यांमुळे गाडीत बसवायला आणि उतरवायला दोन माणसं लागतात. त्या दिवशी त्यांनी कडक इस्त्रीचं धोतर नेसलं, जे माझ्या लग्नानंतर त्यांनी बहुतेक नेसलंच नव्हतं. तिथे पोचल्यावर माझा हात त्यांनी सोडायला लावला. फाटकाला धरून उभे राहिले आणि ओसरीवर बसलेल्या माणसांना मोठ्यानं म्हणाले, "बहिणीले न्यायले आलो." नुकतं सुतक फिटलेल्या घरात अशा आवाजात कुणी बोलत नाही. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. आत्या आतून पिशवी घेऊन आली आणि पुतण्याच्या बायकोला म्हणाली, माझा भाऊ आला.

परत येताना दोघं मागच्या सीटवर होते. दुर्ग मागे पडल्यावर वडिलांनी विचारलं, माफ केलं का त्याले. ती म्हणाली, हो, म्हटलं ना, दोनदा म्हटलं, एकदा त्याले ऐकू गेलं नसेल म्हणून.

"अन् मले?" वडील म्हणाले.

मी आरशात पाहिलं नाही. पुढे ट्रक होता, त्याच्याकडे बघत राहिलो.

"त्याच्याशी माझं बोलणं केव्हाच संपलं होतं," आत्या म्हणाली. "म्हणून माफ करता आलं. तुझ्याशी बोलणं तर अजून सुरूच नाही झालं, दादा."

ते सुरू झालं, आणि चांगलं सुरू झालं. रोज चहा झाला की ती अंगणात बसायची आणि वडिलांना सासरचं सांगायची, पहिल्या दिवसापासून, काही न गाळता. कोणत्या सणाला काय झालं, किल्ल्या कुणाजवळ असायच्या, नवऱ्यानं हात पहिल्यांदा कशावरून उचलला, ती कुठे जाऊन बसली. वडील ऐकायचे. मध्ये स्वतःची बाजू मांडायला जायचे तेव्हा ती म्हणायची, थांब, माझं होऊ दे. कधी दोघं भांडायचे आणि वडील जेवायचे नाहीत, मग तीच ताट घेऊन जायची. कधी दोघं त्यांच्या लहानपणातल्या कुणावरून तरी पोट धरून हसायचे. उन्हाळा आला तरी अंगणातून ते घरात आले एवढंच, बोलणं चालू राहिलं. मी एकदा आत्याला विचारलं की कुठपर्यंत आलं. ती म्हणाली, अरे, अजून तिसऱ्याच वर्षात आहे.

प्राग मी बोलायचं बंद केलं होतं. कुणाला चुकल्यासारखं वाटलं नाही.

ज्येष्ठातल्या एका दुपारी वडील जेवून पडले ते उठले नाहीत. चहाला उठवायला आत्याच गेली होती. तिनं त्यांना दोन हाका मारल्या, मग मला मारली. त्या दिवशी, त्यानंतरच्या दिवसांतही ती रडली नाही. येणाऱ्यांना पाणी देत राहिली, कुणाच्या झोपायची कुठे सोय करायची ते बघत राहिली. नागपूरचे पाहुणे म्हणाले की बाईचं मन घट्ट आहे.

दहाव्याला आम्ही महादेव घाटावर गेलो. बायकांनी घाटावर जायची आमच्यात पद्धत नाही, त्यामुळे आत्या घरीच होती. दहाव्याच्या पिंडाला कावळा शिवतो की नाही हे आपल्याकडे सगळे श्वास रोखून बघतात. शिवला नाही तर गेलेल्याचं काहीतरी मागे राहिलं असं धरतात, आणि मग एकेक जण हात जोडून मनातलं बोलतो, घरीसुद्धा फोन जातो की काय राहिलं ते सांगा. आमच्याकडे यातलं काही करावं लागलं नाही. खारुन नदीच्या काठावर पिंड ठेवून आम्ही मागे सरतो न सरतो तोच कावळा आला. गुरुजी म्हणाले, तृप्त जीव गेला. मला केवढं तरी हलकं वाटलं.

घरी आलो तर आत्या पुढच्या दारातच उभी होती, हातात फोन. बायकोनं मला नंतर सांगितलं की सकाळपासून ती फोन मांडीवर घेऊन बसली होती आणि कुणालाही तो लावू देत नव्हती. घाटावरून फोन येणार आणि मला सांगावं लागणार, असं म्हणत होती. काय सांगायचं ते तिनं ठरवून ठेवलं होतं.

मी दुरूनच सांगितलं, आत्या, कावळा लगेच शिवला.

"लगेच?" ती म्हणाली.

मी म्हटलं, हो, एकदम. आम्ही नीट मागेही झालो नव्हतो.

ती पायरीवर बसली. बायको पाणी घेऊन आली ते तिनं घेतलं नाही. "म्हणजे त्याचं काही राहिलं नव्हतं," ती म्हणाली आणि तिथेच, लोक येत-जात असताना, तोंडाला पदर लावून रडायला लागली. मी शेजारी बसलो. बऱ्याच वेळानं तिनं पदर काढला आणि मला विचारलं, "मग माझं राहिलं ते मी आता कोणाले सांगू?"